सुरकुती कमी पण कापड किती फाटतंय? कॉटनच्या रेझिन फिनिशच्या प्रोजेक्ट नोंदी

६ जानेवारी

विषय फायनल झाला एकदाचा. शंभर टक्के कॉटन शर्टिंगला रिंकल-फ्री फिनिश, आणि त्यात फॉर्मल्डिहाईडवालं रेझिन विरुद्ध बिनफॉर्मल्डिहाईडचं अॅसिड अशी तुलना. सरांनी सही करताना एकच अट घातली, रिपोर्टमध्ये रिकव्हरी अँगल (दुमडलेलं कापड परत किती अंश उघडतं तो कोन) शेवटच्या कॉलमात लिहायचा आणि टेअर स्ट्रेंथ (फाडायला लागणारी ताकद) पहिल्या कॉलमात. मला तेव्हा गंमत वाटली, पण जुने रिपोर्ट चाळले तर खरंच सगळ्यांनी अँगल ठळक अक्षरात छापलाय आणि ताकद कुठेतरी परिशिष्टात ढकललीय. म्हणून ही वही आपण उलटी ठेवायची. ज्युनिअर पार्टनरलाही सांगून ठेवलं, तो म्हणतो दादा तुम्ही म्हणाल तसं, म्हणजे सगळं काम माझ्यावरच पडणार.

८ जानेवारी

कापड आणलं इचलकरंजीतल्याच एका प्रोसेस हाऊसमधून. ४० काउंटचा पॉपलिन, इंचात उभे-आडवे धागे १३३ बाय ७२, डिसाइझ (खळ काढलेला), स्कावर (मेण-मळ काढलेला), ब्लीच आणि मर्सराईज झालेला, जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) १२० च्या जरा वर. मर्सराईज मुद्दाम मागितलं कारण कॉस्टिकमध्ये फुगवून धागा आधीच गोल आणि मजबूत झालेला असला की पुढे रेझिन जो मार देतं तो थोडा सोसवतो. तिथल्या फिनिशिंग मास्टरांना विषय सांगितला तर हसले, म्हणे पार्टीला फोनवर फक्त "इस्त्री नको" एवढंच ऐकायचं असतं, कॉलर सहा महिन्यात विरली की मग परत फोन येतो. त्यांच्याकडे एका शाळेच्या युनिफॉर्मची चौकशी आलीय, फिकट निळा शर्ट, पालकांना सकाळी इस्त्री नकोय. ते म्हणाले तुमचं काही जमलं तर आमच्या स्टेंटरवर (कापड ताणून धरून गरम हवेत तापवणारं मशीन) ट्रायल घेऊ. ह्याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

९ जानेवारी

नुसती थिअरी, पण लिहून ठेवतो म्हणजे व्हायव्हाला उपयोगी पडेल.

कॉटन म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवतात ते हायड्रोजन बॉन्ड. कापड दुमडलं की जिथे साखळ्या सैल आहेत, म्हणजे अमॉर्फस भागात, तिथले हे बॉन्ड तुटतात, साखळ्या घसरतात आणि नवीन जागी परत बॉन्ड धरतात, आणि घडी तिथेच पक्की बसते. त्यात घाम किंवा दमट हवा असली की पाणी आत शिरून हे घसरणं अजून सोपं करतं, म्हणून पावसाळ्यात बसमधून उतरलेला कॉटन शर्ट कसा दिसतो ते सगळ्यांना माहिती आहे. उपाय असा की शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पक्के आडवे बॉन्ड घालायचे, कोव्हॅलंट, जे पाण्याने सुटत नाहीत. मांडवाच्या खांबांना आडवे बांबू बांधले की मांडव हलवला तरी परत जागेवर येतो, पण जोराचा वारा आला की सगळा ताण त्याच गाठींवर येतो आणि तिथूनच मोडतो. आपला सगळा प्रोजेक्ट ह्या एका वाक्यात आहे खरं तर. साखळ्या घसरू शकत होत्या म्हणून सुरकुती पडत होती, आणि घसरू शकत होत्या म्हणूनच ताण वाटला जाऊन कापड फाटत नव्हतं. दोन्ही एकाच गुणाचे परिणाम, त्यामुळे एक मारलं की दुसरं मरणारच.

ह्याचा इतिहास जुना आहे. १९२० च्या दशकात मँचेस्टरच्या टूटल ब्रॉडहर्स्ट ली कंपनीतल्या केमिस्टांनी युरिया-फॉर्मल्डिहाईड धाग्याच्या आत शिरवून तिथेच पक्कं केलं, तिथून सुरुवात. मग अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात रुथ बेनेरिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉश-अँड-वेअर कॉटनवर खूप काम केलं. त्यांच्या नावावर ५५ पेटंट आहेत, २००२ मध्ये त्यांना लेमेलसन-एमआयटीचा जीवनगौरव मिळाला. आणि मजा म्हणजे तेव्हाही हीच अडचण होती, शंभर टक्के कॉटनला रेझिन लावून भट्टीत क्युअर केलं (तापवून पक्कं केलं) की गुडघ्याला आणि कॉलरला विरायला लागायचं, म्हणून मग ताकदीसाठी पॉलिएस्टर मिसळायला लागले. आपल्याकडच्या टेरीकॉटच्या लोकप्रियतेत बिनइस्त्रीच्या हौसेचा वाटा मोठा होता तो असा.

१३ जानेवारी

केमिकल आली. तीन बाजू ठरल्या.

पहिलं डीएमडीएचईयू, युरिया, ग्लायॉक्झॉल आणि फॉर्मल्डिहाईडपासून बनतं, बाजारात सगळ्यात जास्त हेच चालतं, स्वस्त आणि भरवशाचं. आपण साधं नाही घेतलं, ग्लायकॉल लावलेलं लो-फॉर्मल्डिहाईड ग्रेड घेतलं. कॅटॅलिस्ट मॅग्नेशियम क्लोराईड. दुसरं बीटीसीए, म्हणजे ब्युटेन टेट्राकार्बोक्झिलिक अॅसिड, एका रेणूला चार अॅसिड ग्रुप, १९८० च्या दशकाच्या शेवटी न्यू ऑर्लिन्सच्याच क्लार्क वेल्च ह्यांनी सोडियम हायपोफॉस्फाईट कॅटॅलिस्ट वापरून ते चालवून दाखवलं. फॉर्मल्डिहाईड शून्य. पण किंमत बघून पार्टनर म्हणाला हे कापडाला लावायचं का तिजोरीत ठेवायचं. तिसरं सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच, आपण अर्थात लॅब ग्रेड घेतलं.

१५ जानेवारी

डीएमडीएचईयूची पहिली बॅच. रेझिन ८० ग्रॅम पर लिटर, मॅग्नेशियम क्लोराईड १२, थोडा नॉनआयॉनिक वेटिंग एजंट. पॅडरवर (कापड द्रावणात बुडवून रोलरमध्ये पिळणारं मशीन) दोन डिप दोन निप, म्हणजे दोनदा बुडवून दोनदा पिळलं, प्रेशर सेट करून पिकअप ७५ टक्क्यांवर आणला. पिकअप म्हणजे ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन. म्हणजे ८० ग्रॅम पर लिटरच्या बाथमधून कापडावर साधारण ६ टक्के माल बसला, आणि तोही विकत मिळणारा माल, निव्वळ रेझिन त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा हिशोब पार्टनरकडून तीनदा करून घेतला कारण पुढे सगळी तुलना ह्याच्यावर आहे. ११० अंशाला ड्राय, १५० ला ३ मिनिटं क्युअर.

ड्राय करताना घाई केली की पाणी पृष्ठभागाकडे पळतं आणि रेझिनलाही बरोबर घेऊन जातं, माल वरच साचतो आणि आत कोरडं राहतं. म्हणून पंखा कमी ठेवला.

१६ जानेवारी

बीटीसीए ६ टक्के, हायपोफॉस्फाईट ६ टक्के, १८० अंशाला दीड मिनिट. सायट्रिक ७ टक्के, त्याच तापमानाला. सायट्रिकचं सॅम्पल भट्टीतून काढल्या काढल्या पिवळं. म्हणजे लाजण्याइतकं पिवळं, शेजारी ठेवलेल्या पांढऱ्याशी तुलना करायची पण गरज नाही. गरम झाल्यावर सायट्रिकमधून पाणी निघून अॅकोनिटिकसारखी डबल बॉन्डवाली अॅसिड तयार होतात, तीच रंग देतात. ट्रायइथेनॉल अमीन घातलं की पिवळेपणा कमी होतो, ते करून बघू.

१७ जानेवारी

सॅम्पल कंडिशनिंग रूममध्ये. २१ अंश, ६५ टक्के आर्द्रता. बाहेर हवा कोरडी ठणठणीत आहे, त्यामुळे तसंच टेबलावर अँगल मोजला असता तर आकडे छान आले असते पण खोटे.

२० जानेवारी

आज आधी टेअर, मग अँगल, सरांच्या नियमाप्रमाणे.

एलमेंडॉर्फवर (फाडायची ताकद मोजायचं यंत्र) अनट्रीटेड कापडाला जेवढी ताकद लागली त्याच्या जवळपास निम्म्यात डीएमडीएचईयूवालं फाटलं. बीटीसीए थोडंसं बरं, सायट्रिकही तेवढंच. ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने टेन्साईल (ओढून तोडायला लागणारी ताकद) फार चिंतेची नाही कारण इंचात १३३ धागे आहेत, पण बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेला ७२ च आहेत आणि तिथे आधीच कमी असलेली ताकद तिसऱ्या हिश्श्याने अजून गेली. शर्ट फाटतो तो असाच, सगळ्यात कमकुवत दिशेने, सरासरीच्या दिशेने नाही. तरीही बऱ्याच ठिकाणी फक्त ताण्याचे आकडे दिलेले असतात, ते का ते आता कळलं.

अँगल एएटीसीसी (अमेरिकेतली टेक्स्टाइल केमिस्टांची संघटना) च्या ६६ नंबरच्या टेस्टप्रमाणे. ४० बाय १५ मिलीमीटरच्या पट्ट्या, सहा ताण्याच्या आणि सहा बाण्याच्या, निम्म्या सुलट बाजूने दुमडायच्या निम्म्या उलट, ५०० ग्रॅम वजनाखाली ५ मिनिटं, मग सोडून ५ मिनिटांनी कोन वाचायचा. कंटाळवाणं काम आहे पण चिमट्याने पट्टी धरताना बोट लागलं की घामाने आकडा बदलतो, त्यामुळे मोबाईल बघत करता येत नाही. ताणा आणि बाणा मिळून अनट्रीटेड १६५ च्या आसपास, डीएमडीएचईयू अडीचशेच्या थोडं वर, बीटीसीए तेवढंच, सायट्रिक २२५-२३०.

२२ जानेवारी

डीपी (ड्युरेबल प्रेस) रेटिंग, म्हणजे धुतल्यावर कापड किती सपाट राहतं त्याचे गुण. पाच वेळा धुऊन टंबल ड्राय, मग अंधाऱ्या खोलीत वरून ट्यूबलाईट आणि शेजारी स्टँडर्ड रेप्लिका, १ ते ५ गुण. तीन जणांनी स्वतंत्र द्यायचे आणि सरासरी काढायची. पार्टनरने सगळ्यांना चार दिले, लॅब असिस्टंट मामांनी सगळ्यांना तीन, मामा म्हणे माझ्या बायकोसमोर हा शर्ट ठेवला तर ती दोन देईल. डीएमडीएचईयू आणि बीटीसीए साडेतीनवर स्थिरावले, सायट्रिक तीनला.

२७ जानेवारी

हे करायचं म्हणूनच प्रोजेक्ट घेतला होता. प्रश्न असा की जी ताकद गेली ती नेमकी कशामुळे गेली? दोन कारणं संभवतात. एक, आडव्या बॉन्डमुळे साखळ्या घट्ट झाल्या, ताण वाटला जाईना, म्हणजे साखळ्या शाबूत आहेत पण आखडल्यात. दुसरं, भट्टीत अॅसिडने साखळ्याच मधून तोडल्या. पहिलं नुकसान परत मिळवता येतं, दुसरं नाही.

तपासायची पद्धत सोपी आणि सुंदर आहे, बॉन्ड काढून टाकायचे आणि ताकद परत मोजायची. डीएमडीएचईयूवालं कापड फॉस्फोरिक अॅसिड आणि युरियाच्या पातळ द्रावणात ८० अंशाला अर्धा तास ठेवलं की रेझिन सुटतं. बीटीसीएचे बॉन्ड एस्टरचे, ते पातळ कॉस्टिकमध्ये ५० अंशाला काही दिवस ठेवून तोडायचे. ते सॅम्पल बाथमध्ये टाकलंय, झाकण नीट लावलंय, मामांना सांगितलंय रात्री वॉटर बाथ बंद करायचा नाही, त्यांनी वीज बिलाची आठवण करून दिली.

३ फेब्रुवारी

आकडे आले. डीएमडीएचईयूची बरीचशी ताकद बॉन्ड काढल्यावर परत आली, म्हणजे साखळ्या बहुतेक शाबूत होत्या. बीटीसीएची कमी परत आली. म्हणजे बीटीसीएने वरवर ताकद कमी घालवली असं २० तारखेला वाटलं होतं पण जी घालवली त्यातला मोठा भाग कायमचा. कारण उघड आहे, बाथचा पीएच अडीचच्या आसपास आणि वर १८० अंश, सेल्युलोजला अॅसिड हायड्रोलिसिससाठी ह्याहून चांगली परिस्थिती कुठली. मॅग्नेशियम क्लोराईड त्या मानाने सौम्य, आणि तापमानही तीस अंशाने कमी.

सर बराच वेळ ग्राफ बघत होते, मग म्हणाले आता ह्याचं काय करायचं ते सांग. उत्तर असं की बीटीसीएला तापमान खाली आणता आलं तरच ते वापरण्यात अर्थ. १६५ आणि १७० ला जास्त वेळ देऊन बघणार.

४ फेब्रुवारी

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने कापडात कुठले रासायनिक ग्रुप आहेत ते बघणं. बीटीसीएच्या सॅम्पलवर १७२५ (प्रति सेंटीमीटर) च्या आसपास कार्बोनिलचा पीक, पण तो एस्टरचा का रिकाम्या अॅसिड ग्रुपचा हे तसं कळत नाही, दोन्ही एकावर एक येतात. पातळ कॉस्टिकमध्ये जेमतेम दोन मिनिटं बुडवलं की रिकामे ग्रुप कार्बोक्झिलेट होऊन १५८० कडे सरकतात आणि मागे उरतो तो एस्टर. हायपोफॉस्फाईट न घातलेल्या सॅम्पलमध्ये एस्टर फारच बारीक दिसला. मिथिलीन ब्लूमध्ये पण बुडवून बघितलं, बीटीसीएवालं गडद निळं झालं कारण चारही ग्रुप काही जोडले जात नाहीत, उरलेले रिकामे ग्रुप रंग पकडतात. पार्टनरला हे फार आवडलं, त्याने फोटो काढून स्टेटसला ठेवला.

७ फेब्रुवारी

फॉर्मल्डिहाईड. २००४ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यानंतर एक्स्पोर्टवाले ह्याबाबतीत फार कडक झालेत. ओएको-टेक्समध्ये (कापडातल्या घातक रसायनांच्या मर्यादा ठरवणारं प्रमाणपत्र) लहान बाळांच्या कपड्यांना मोजता येणार नाही इतकं कमी, म्हणजे १६ पीपीएमच्या खाली, अंगाला लागणाऱ्या कपड्यांना ७५ पीपीएम.

इथे एक गडबड बऱ्याच ठिकाणी होते ती लिहून ठेवतो. दोन वेगळ्या टेस्ट आहेत. आयएसओवाली पाण्यात काढायची, १ ग्रॅम कापड, १०० मिली पाणी, ४० अंशाला एक तास, त्यात मोकळं फॉर्मल्डिहाईड आणि पाण्याने सुटणारं थोडं येतं. एएटीसीसी ११२ मध्ये मात्र कापड बंद बरणीत पाण्याच्या वर टांगायचं, ४९ अंशाला २० तास, त्यात दमट उष्णतेने रेझिनमधून हळूहळू सुटणारं पण मोजलं जातं म्हणून आकडा जास्त येतो. सप्लायरच्या कागदावर "७५ च्या आत" लिहिलेलं असतं पण कुठल्या टेस्टने ते नसतं. ट्रकमध्ये, गोदामात गठ्ठा महिनाभर पडून राहणार, तिथे बरणीवाली परिस्थिती जास्त खरी. आपण दोन्ही करतोय.

क्युअर झाल्यावर सोडा आणि सोपिंग करून धुतलं की आकडा बराच उतरतो. पण प्रोसेस हाऊसमध्ये क्युअरनंतर परत धुणं म्हणजे परत पाणी, परत ड्रायिंग, परत मीटरमागे खर्च, त्यामुळे कोणी करत नाही.

११ फेब्रुवारी

प्रोसेस हाऊसमधून निळं कापड आणलं, रिअॅक्टिव्ह रंगाने (कॉटनशी रासायनिक जोड धरणारा रंग) रंगवलेलं, युनिफॉर्मच्या शेडचं. डीएमडीएचईयूने शेड किंचित हलली, चालेल इतकी. बीटीसीए आणि हायपोफॉस्फाईटने मात्र स्पष्ट उतरली. हायपोफॉस्फाईट रिड्युसिंग आहे, काही रंगांना ते मारतं. मास्टरांना दाखवलं तर त्यांनी कापड खिडकीजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले ही शेड पार्टी घेणार नाही, संपला विषय. शिवाय फॉस्फरस सगळा सांडपाण्यात जाणार, आणि इथे सांडपाणी म्हणलं की पंचगंगेचं नाव निघतंच, ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे बीटीसीए रंगीत मालाला नाही. पांढऱ्या, बाळांच्या कपड्यांना, जिथे फॉर्मल्डिहाईड अजिबात नको आणि किंमत मिळते, तिथे ठीक.

१४ फेब्रुवारी

बीटीसीए १६५ ला चार मिनिटं, अँगल २४० पर्यंतच, ताकद जरा बरी. पुढे खेचत नाही, वेळ नाही.

१८ फेब्रुवारी

सॉफ्टनर. पॉलिएथिलीन इमल्शन २० ग्रॅम पर लिटर रेझिनच्याच बाथमध्ये घातलं आणि टेअर बऱ्यापैकी वर आली. टेन्साईल तशीच. कारण सॉफ्टनरने साखळीला काही होत नाही, धागे एकमेकांवरून घसरायला लागतात, मग फाटताना एकेक धागा एकटा न तुटता दोन-चार जवळ गोळा होऊन एकत्र ताण घेतात. अमिनो सिलिकॉनने अजून मऊ लागतं आणि हात लावला की पार्टी खूष होते, पण पांढऱ्यावर पिवळट झाक येते. निळ्याला चालेल.

मग रेझिनचा डोस उतरवत नेला. ८० वरून ६०, ६० वरून ५०, ४०. अँगल हळू उतरतो पण ताकद पटकन वर येते, निदान ह्या टप्प्यात तरी. ५० ला अँगल २३० च्या आसपास, टेअर अनट्रीटेडच्या तीन चतुर्थांश. ४० ला डीपी रेटिंग तीनच्या खाली जातं, तिथे थांबायला पाहिजे.

माझं मत, रिपोर्टमध्येही असंच लिहिणार: शाळेच्या शर्टाला २५०-२६० चा अँगल मागणं हा हट्ट आहे. पोरगं शर्ट कुंपणावर अडकवतं, कंपासपेटीने कॉलर घासतं, तिथे ताकद लागते. २३० चा शर्ट झटकून हँगरवर वाळवला की सकाळी घालता येतो. कडक दिसणार नाही, पण वर्षभर टिकेल.

२१ फेब्रुवारी

मास्टरांशी ह्यावर बराच वाद. ते म्हणाले पार्टी मीटिंगला येते तेव्हा मुठीत कापड चुरगाळून सोडते, तेवढीच टेस्ट तिला माहिती, २३० वालं तिथे कमी पडतं. मी म्हणलं मग शेजारी टेअरचं सॅम्पल ठेवा आणि त्यांच्याच हाताने दोन्ही फाडायला द्या. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले हे बरं आहे, बघू.

अजून एक त्यांनीच लक्षात आणून दिलं, घरी क्लोरीनवालं ब्लीच मारतात लोक. जुन्या युरिया आणि मेलामाईन रेझिनमध्ये क्लोरीन अडकून बसायचं आणि इस्त्री फिरवली की कापड पिवळं पडून जळाल्यासारखं कमकुवत व्हायचं. डीएमडीएचईयू ह्यात बरंच बरं, पण लेबलवर ब्लीच नको असं छापायला सांगितलं.

२४ फेब्रुवारी

स्टेंटर ट्रायलची रेसिपी ठरली आणि मास्टरांना पाठवली. लो-फॉर्मल्डिहाईड डीएमडीएचईयू ५० ग्रॅम पर लिटर, मॅग्नेशियम क्लोराईड ८, पॉलिएथिलीन २०, अमिनो सिलिकॉन १०, बाथचा पीएच ५ च्या आसपास, पिकअप ७०-७५, ड्राय १०५-११०, क्युअर १५०. लॅबच्या भट्टीतली ३ मिनिटं स्टेंटरवर तशीच मिळणार नाहीत, कापड आत शिरल्यावर तापायला वेळ लागतो, म्हणून कापडाचं तापमान मोजायच्या पट्ट्या चिकटवून स्पीड ठरवायचा. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, आणि डावी कड, मध्य, उजवी कड असे तुकडे कापून ठेवायला सांगितलंय. पॅडरचं प्रेशर कडेला कमी असेल तर तिथेच कळेल.

बरणीच्या टेस्टचे निकाल उद्या. बाण्याच्या टेन्साईलच्या पट्ट्या पार्टनर कापतोय.